मल्हारनगरचा खुलासा

नोटीस जेवणाच्या वेळी राजनंदिनीच्या हाती लागली आणि वाचून ती हसली. नुसती हसली असती तरी प्रेरणाने सोडून दिलं असतं. पण या थोरल्या जाऊबाईंनी ती मोठ्याने वाचायला घेतली, आणि ताटावर बसलेले तिन्ही पुरुष घास हातात धरून ऐकू लागले.

"'आपल्या यादी भागात विधानसभा निवडणुकीत अवघे चौतीस टक्के मतदान झाले असून, मतदार चिठ्ठ्यांचे वाटप व जनजागृती या कामी आपण कसूर केल्याचे दिसून येते. सबब आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सोमवारी सकाळी अकरापर्यंत समक्ष सादर करावा.'" राजनंदिनीने कागद टेबलावर ठेवला. "लोकं घरात लोळले अन् जाब हिला. कमाल आहे बाई."

प्रेरणाने हातातली भाकरी शिवमच्या ताटात जरा जोरातच टाकली. शिवम तिचा नवरा. नोटीस तिने त्याला शुक्रवारीच दाखवली होती आणि दोन दिवस तो नुसता 'बघू' म्हणत होता. आज रविवार. बघायला आता एक दुपार उरली होती.

पालिकेच्या शाळेत ती चौथीच्या वर्गाला शिकवायची, आणि तीन वर्षांपासून मल्हारनगरची बीएलओ होती. म्हणजे मतदारयादी घेऊन घरोघर फिरायचं, नवी नावं घालायची, मेलेल्यांची आणि सोडून गेलेल्यांची काढायची, मतदानाआधी प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्यायची. हे सगळं शाळा सुटल्यावर, आणि शाळेचं काही अडता कामा नये. पैठण रोडला आत वळलं की लागणारी ही बंगल्यांची कॉलनी, तीनशे बारा घरं, अकराशे चाळीस मतदार. गायक्यांचं हे घर त्यातलंच एक.

"चौतीस म्हणजे लईच झालं," ऋतुराज म्हणाला. तो घरातला थोरला. "आपल्या वाडीत बघा, अठ्ठ्याहत्तर."

"शहरातल्या लोकांना लाजच नाय," तात्यासाहेब म्हणाले. बहात्तरीतला माणूस, पण अजून जेवायलाही ताठ बसायचा. चितेगावच्या पलीकडच्या वाडीत ते दोनदा सरपंच होते, आणि शहरात राहायला येऊन आठ वर्षं झाली तरी बोलताना त्यांचा आवाज ग्रामसभेइतका वर जायचा. "आठ दिवसाला पाणी येतं म्हणून टँकरपुढं बोंबलतात, अन् मतदानाच्या दिवशी घराला कुलपं. असल्यांना पाणी द्यावंच कशाला, मी म्हणतो."

इतर कुठल्या दिवशी प्रेरणाने मान डोलावली असती. कारण हे खरंच होतं, आणि तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं? तीनशे बारा फाटकं तिने वाजवली होती. कोपऱ्यावरचे निवृत्त साहेब कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी लोकशाहीवर प्रवचन टाकायचे. त्यांनी चिठ्ठी घेतली, 'तुमच्यासारख्या शिक्षकांवरच देश उभा आहे' म्हणाले, आणि मतदानाची सुट्टी धरून महाबळेश्वरला निघून गेले. एका डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी जाळीतून घेतली आणि तिच्यादेखत दुधाच्या पिशवीसोबत डब्यात टाकली. एकाने विचारलं, मत दिलं तर नळाला पाणी येणार का? तिला म्हणावंसं वाटलं, नाही दिलं तर येणार आहे का? पण सरकारी माणसाने तोंड आवरून बोलायचं असतं, म्हणून ती हसून पुढच्या फाटकाला गेली.

आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मालनबाई. नाल्यापलीकडच्या भीमवस्तीतल्या. त्यांचं नाव कुणीतरी भलत्याच यादीत ढकललं होतं, तर त्या चिठ्ठीसाठी तीनदा खेटे घालून गेल्या, आणि गुडघे धरून दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खिचडी ढवळता ढवळता त्यांनी विचारलं होतं, "बाई, तुमच्या कॉलनीतलं कुणीच कसं दिसलं नाय लायनीत? पाण्याच्या मोर्चाला तर लई होते." प्रेरणाला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलं.

"कुलपं होती, तात्या," ती म्हणाली. "सव्वाशे घरांना. त्यात आपलं पण होतं."

राजनंदिनीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. नखावर शाईची काळी रेघ अजून होती. "आम्ही दिलंय हं मत. वाडीला जाऊन दिलंय. एक अख्खा दिवस मोडला."

"वाडीला दिलं, ताई. पण नावं इथल्या यादीत पण आहेत. या एका घराची आठ नावं. मत पडलं एक, माझं. बाकीची तुम्ही सात माणसं माझ्या भागात न आलेल्यांत मोजली गेली."

"मग मोजू दे की," तात्यासाहेब म्हणाले. "दोन्हीकडं असावीत नावं. ग्रामपंचायतीला तिथं लागतात, महापालिकेला इथं. माझ्या घरचं मत मी वाया घालवत नसतो."

"दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हा आहे, तात्या."

"तू नको मला कायदे शिकवू. तुझ्या जन्माच्या आधीपासून निवडणुका लढवतोय."

दोन वर्षांपूर्वीही हेच बोलणं झालं होतं, याच टेबलाशी. घरोघर पडताळणी सुरू होती आणि तिने पहिलं घर आपलंच धरलं होतं. सातही जणांची नावं कमी करायचे अर्ज भरून तिने सह्यांसाठी पुढे ठेवले. तात्यासाहेबांनी गठ्ठा उचलला, घडी घालून तिच्या पर्समध्ये परत ठेवला आणि म्हणाले, घरातली भानगड बाहेर न्यायची नाय. शिवम तेव्हाही 'बघू' म्हणाला होता. तिने घराच्या रकान्यात 'पडताळणी पूर्ण' लिहिलं आणि सही केली.

तिथूनच सगळं फिसकटलं. कॉलनीत अशी घरं ढिगाने निघाली, एक पाय इथे आणि एक गावात. कन्नडची, पैठणची, अजिंठ्याकडची माणसं. दोनशेच्या वर नावं. त्यांना 'काढा' म्हणायला ती फाटकाशी जायची आणि जीभ जड व्हायची. स्वतःच्या घरात सात ठेवून लोकांच्या दारात कुठल्या तोंडाने बोलणार? तिने सगळीच राहू दिली. मग मतदानाच्या दिवशी हे दोनशे आपापल्या गावी, महाबळेश्वरवाले महाबळेश्वरी, उरलेले सोफ्यावर, आणि चौतीस टक्क्यांचा धोंडा तिच्या गळ्यात. तिला सगळ्यांचाच राग येत होता, आणि त्यातला मोठा हिस्सा स्वतःचा होता.

"हे बघ, खुलाशाचं तू डोक्यातून काढून टाक," ऋतुराज समजुतीच्या सुरात म्हणाला. "आम्ही केलंय सगळं. शिवम, दे तिला."

शिवमने खिशातून घडी केलेला कागद काढला. टाईप केलेला. बायकोकडे न बघता त्याने तो तिच्यापुढे सरकवला.

प्रेरणाने उभ्याउभ्याच वाचला. 'मतदानापूर्वीच्या आठवड्यात माझी प्रकृती ठीक नसल्याने मी मतदार चिठ्ठ्यांचे संपूर्ण वाटप करू शकले नाही. याबद्दल मी दिलगीर असून पुन्हा असे घडणार नाही.' खाली तिचं नाव, सहीपुरती जागा सोडलेली.

"कधी आजारी होते मी?"

"अगं, लिहायपुरतं," शिवम म्हणाला. "डॉक्टरचं सर्टिफिकेट पण देतो आणून. ताकीद देतील, विषय खतम. टेन्शन नको घेऊस."

"पायाला फोड येईपर्यंत फिरले मी, शिवम. तूच हळद लावून दिली होतीस. अन् आता मी लिहून देऊ, की फिरलेच नाही?"

"खरं लिहिलंस तर काय होईल, माहितेय का? पडताळणीवर सही तुझी आहे. घरातली नावं माहीत असून ठेवली म्हणून सस्पेंड करतील तुला. खोटं लिहिलं तर ताकीद, खरं लिहिलं तर नोकरी. तूच सांग."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. तिने हिशेब रात्रंदिवस केला होता आणि दर वेळी तिथेच येऊन थांबली होती. पण स्वतः त्या काठावर उभं राहणं वेगळं, आणि नवऱ्याने थोरल्या भावाच्या सांगण्यावरून कागद टाईप करून आणणं वेगळं.

"हा मजकूर तुझा आहे का दादांचा?"

शिवमने आमटीत भाकरी कुस्करायला घेतली.

"माझा आहे," ऋतुराज म्हणाला, आणि समजूत संपली. "सरळ सांगतो. चार वाजता रामकिसनराव यायलेत तिकिटाचं बोलायला. जिल्हा परिषद कधीबी लागंल. वाडीतल्या विरोधकांना कळलं की माझं नाव दोन याद्यांत हाय, तर पहिल्याच दिवशी हरकत घेतील. पंधरा वर्षं मी सतरंज्या उचलल्यात या तिकिटासाठी. तुझ्या एका कागदापायी ते घालवू?"

"मग तुमचं नाव एका ठिकाणी ठेवा ना, दादा. अजून वेळ आहे."

"अन् महापालिकेला इथल्या उमेदवाराला शब्द दिलाय त्याचं काय? सात मतांचा?"

"शब्द कुणी दिला? मला नाही कुणी विचारलं."

"तुझं मत तू दे की कुणाला द्यायचं ते," राजनंदिनी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "पण आमच्या संसारात कशाला खोडा? लोकं मत देत नाहीत यात आमचा काय दोष? उमेदवार बघितलेस का? एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. चांगली माणसं उभी करा, देतील लोकं मतं."

"ताई, मागच्या खेपेला वाडीत कुणाला दिलंत तुम्ही मत?"

राजनंदिनीने सासऱ्यांकडे बघितलं. मग ती म्हणाली, "तात्यांनी सांगितलं त्यालाच. सगळ्यांनी."

"मग उमेदवार चांगला का वाईट, हे कुणी बघितलं?"

"बास," तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी ताट पुढे लोटलं. "लई ऐकून घेतलं. वेरूळच्या मास्तराची पोर म्हणून केली, शिकलेली, वळणाची. ही वकिली करायला नव्हती आणली. प्रेरणा, त्या कागदावर सही कर. नसंल करायची तर या घरातून लढू नको. बाहेर खोली घे अन् तिथून लढ."

शिवम काही बोलेल म्हणून ती थांबली. घड्याळात बघितल्यासारखी थांबली. तो भाकरी कुस्करत राहिला. त्याची वाट बघणं तिने तिथेच सोडलं, आणि गंमत म्हणजे त्याने बरंच वाटलं.

आवडाबाई, तिच्या सासूबाई, एवढा वेळ स्वयंपाकघराच्या दारात आमटीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. पातेलं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"माझं नाव कुठं कुठं हाय गं?"

"दोन्हीकडे, आई. वाडीत आणि इथं."

"दोन ठिकाणी," आवडाबाई म्हणाल्या. "अन् मी एकदाबी मत दिलं नाय."

"काय बोलायलीस?" तात्यासाहेब म्हणाले. "दर खेपेला घेऊन जातो ना मी."

"घेऊन जाता. हाताला धरून आत नेता अन् तिथल्या मास्तरला सांगता, हिला दिसत नाय, मी दाबतो. मला दिसत नाय व्हय? मण मण तांदूळ निवडते मी चष्म्याशिवाय." त्या ओरडत नव्हत्या. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा बोलत होत्या. "शाई माझ्या बोटाला. बटन यांच्या बोटाला. लगीन झाल्यापासून असंच. आदी कागदावर शिक्का होता तवाबी यांनीच मारला."

प्रेरणाला ही गोष्ट माहीत नव्हती. तीन वर्षं ती लोकांच्या दारात जाऊन विचारत होती की मत का दिलं नाही, आणि ज्या बाईच्या हातचं रोज खाल्लं तिला कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"तुला काय कळतं त्यातलं," तात्यासाहेब म्हणाले, पण आवाज ग्रामसभेचा राहिला नव्हता. "भलतीकडं दाबशील म्हणून..."

"दाबलं असतं भलतीकडं. माझं होतं ना." त्या सुनेकडे वळल्या. "वाडीतलं काढायचा कागद हाय का तुझ्याजवळ?"

"आहे."

"आण. इथलं ठेव. इथं मी राहते, इथल्या नळाची वाट मी बघते."

"आई, विचार कर," ऋतुराज उठून उभा राहिला. "घरातलंच नाव कमी झालं तर लोकं काय म्हणतील? आज नको. चार दिवसांनी बसू आपण."

"तू बस खाली. अन्न टाकून उठू नये."

प्रेरणाने पर्समधून अर्ज काढला. कोरा होता, शाळेच्या हजेरीपटात ठेवून कडा दुमडलेला. आवडाबाईंनी पेन धरला आणि सही करायला वेळ घेतला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली अक्षरं, एकेक सुटी, काना थोडा वाकडा. तात्यासाहेब उठले, मोरीत जाऊन खूप वेळ हात धूत राहिले आणि दिवाणखान्यात जाऊन बसले. शिवमने तो टाईप केलेला कागद हळूच उचलून परत खिशात घातला. प्रेरणाने ते पाहिलं.

चार वाजता रामकिसनराव आले, दोन गाड्या, सहा माणसं. राजनंदिनी चहाच्या गडबडीला लागली. जाता जाता तिने प्रेरणाला दबक्या आवाजात सांगितलं, "आत जाऊन लिही ना गं, प्लीज." प्रेरणा आत गेली नाही. जेवणाचं टेबल दिवाणखान्यातून सरळ दिसत होतं. तिने टेबल पुसलं आणि तिथेच खुलाशासाठी कोरा कागद पुढे ओढला.

तिने लिहिलं की चिठ्ठ्या तिने तीनशे बारा घरी पोचवल्या. तिने लिहिलं की तिच्या भागात दोनशेहून जास्त मतदारांची नावं दुसरीकडेही आहेत, हे तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं आणि तिने ती काढली नाहीत, कारण त्यांतली पहिली सात तिच्या स्वतःच्या घरची होती. सातही नावं तिने एकाखाली एक लिहिली, सासऱ्यांपासून पुण्यात शिकणाऱ्या पुतण्या शिवराज आणि त्याच्या बहिणीपर्यंत. घाईने लिहिताना अक्षर चौथीतल्या पोरांसारखं येत होतं. नोकरी जाईल का? बहुतेक जाईल. घराचं काय होईल ते तर भाड्याच्या खोलीत बसूनच कळेल. तरी वाक्यं थांबत नव्हती.

बाहेर गप्पा रंगल्या होत्या. रामकिसनराव म्हणत होते की शहरातल्या मतदानाने यंदा नाक कापलं, हे सुशिक्षित लोकच देश बुडवणार. ऋतुराज हो हो करत होता.

"बरं, तात्या," रामकिसनराव चहाचा कप ठेवत म्हणाले, "बाकी गणितं मागनं मांडू. वाडीत घरची मतं किती धरायची?"

"सात," तात्यासाहेब म्हणाले. सवयीने म्हणाले. "शिक्का मारून सात."

"सहा," आवडाबाई म्हणाल्या.

त्या रिकामे कप उचलायला आल्या होत्या. रामकिसनरावांना गंमत वाटली. "का वो काकू? सातवं कोण फुटलं?"

"मी." त्यांनी कप ट्रेमध्ये ठेवले, एकेक मोजून. "माझं नाव हितं हाय आता. अन् हितलं मत मी कुणाला देणार, ते यांनाबी सांगणार नाय."

रामकिसनराव हसले आणि मग हसायचं थांबले, कारण घरातलं दुसरं कुणीच हसत नव्हतं. ऋतुराज जमिनीकडे बघत होता. तात्यासाहेब बायकोकडे बघत होते, पन्नास वर्षांत कधी बघितली नसावी तशी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, नुसता राग, त्याला जायला जागा नव्हती.

प्रेरणाने सात नावांतल्या एकापुढे लिहिलं, 'यांनी आज स्वतः अर्ज दिला आहे.' मग खाली सही केली, तारीख घातली, आणि उरलेल्या सहा जणांसाठी सहा कोरे अर्ज काढून टेबलावर ओळीने ठेवले.